आग्नेय कोपऱ्यातली फरशी

ज्याचं कर्ज मी पास केलं त्याच्या घरी मी कधी जेवलो नाही. एकदा सोडून. मला खरं तर त्या एकदाचंच सांगायचं आहे. पण दिवाळी अंकवाल्यांचं म्हणणं पडलं की लोकांना आधी तुमचं काम कळलं पाहिजे, म्हणून ते आधी. माझं शिक्षण चौथी. शब्द सगळे माझे आहेत, सुनेने फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून दिलं. दोन ठिकाणी ती म्हणाली, "बाबा, हे नको लिहूया." ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

पूर्वी मी गॅसचे सिलिंडर पोचवायचो. उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथ, बुवापाडा, आणि बदलापूर वाढत गेलं तसं बदलापूर. खांद्यावर सिलिंडर घेऊन जिने चढणाऱ्याला घरं कळतात. कुणाकडे पाहुण्यांची वर्दळ, कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाचा सिलिंडर लवकर संपतो, आणि कुणाचा संपतच नाही कारण वर शिजवायला काही नाही. पुढे खांदा गेला. तेव्हा घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. नेरकर साहेब, माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काका, तुम्हाला दारं माहीत आहेत. आम्हाला तेच पाहिजे."

बँक ज्यांना दारातून परत पाठवते त्यांना आमची कंपनी कर्ज द्यायची. पानटपरीवाला, रिक्षावाला, पापड लाटणारी, जीन्स शिवणारा. यांच्याकडे पगाराची स्लिप नसते. कमाई असते, पण ती कागदावर नसते. साहेब म्हणायचे, बँक कागद बघते, आपण माणूस बघतो. तो माणूस बघायला कंपनीने मला ठेवलं होतं. याला ऑफिसात व्हिजिट म्हणतात. घरी जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, शेजारीपाजारी विचारायचं, आणि साहेबांना फोन करून सांगायचं, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. रिपोर्ट ते लिहून घ्यायचे. मी इतकी वर्षं हे काम केलं, रिपोर्टमध्ये एक शब्द खोटा सांगितला नाही. ही माझी बढाई समजा, पण खरी आहे.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. आमचं व्याज बँकेपेक्षा चढं. ज्याला कमी परवडतं त्याच्याकडून जास्त घ्यायचं. मी एकदा साहेबांना विचारलं, हे उलटं नाही का? ते म्हणाले, "काका, रिस्क असते ना." रिस्क कुणाची, ते मला पुढे कळलं.

या कामात हसायलाही मिळायचं. शेजारी एखाद्याबद्दल फारच चांगलं बोलायला लागला की मी सावध व्हायचो. बहुतेक वेळा त्याला ती खोली रिकामी हवी असायची. कॅम्प चारमध्ये एक सिंधी गृहस्थ होते, हातगाडीवर लेडीज पर्स विकायचे. मी येणार म्हणून त्यांनी शेजाऱ्याचा फ्रिज उचलून आपल्या खोलीत आणून ठेवला. झोकात. पण वायर प्लगपर्यंत पोचेना. मी म्हटलं, "साईं, ये चलता कैसे है?" ते म्हणाले, "वडी साईं, ठंडी के मौसम में हम बंद रखते हैं." तेव्हा मे महिना चालू होता. मी घाम पुसला, त्यांनीही पुसला. त्यांना मी पास केलं. साहेबांना जे पाहिलं तेच सांगितलं, फ्रिज उसना आहे. आणि पुढे म्हटलं, ज्याला शेजारी फ्रिज उचलून देतो त्याला अडचणीत हप्ताही देईल. तसंच झालं. त्यांचं घर आजही त्यांचंच आहे.

सगळ्यांचं तसं नाही झालं. मधू नावाचा एक जण होता, जीन्सला काज-बटण करायचा. सीझन असला की रात्रंदिवस काम, सीझन गेला की बसून. मी निगेटिव्ह सांगितलं. त्याच्या भल्यासाठीच सांगितलं. तर त्याने गावाकडची जमीन विकली आणि रोखीने एका परवानगी नसलेल्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली, कारण तिथे कुणी व्हिजिटला येत नाही. त्या बिल्डिंगच्या स्लॅबला तडे गेले, धोकादायक ठरवून पालिकेने सगळ्यांना बाहेर काढलं. जमीन गेली, खोली गेली. पुढे एकदा भाजी मार्केटात भेटला. म्हणाला, "काय काका, वाचवलंत ना मला?" माझ्या हातात मेथीची जुडी होती. माझं नाही म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही सांगतो. बरोबर असून काय उपयोग झाला, ते मात्र विचारू नका.

आता जेवणाचं. नवीन घर झालं की लोक वास्तुशांतीला बोलवायचे. कर्ज पास करणारा माणूस म्हणजे मोठा मान. टॉवेल, टोपी, नारळ. मी जायचो, दाराशी उभा राहायचो, नारळ घ्यायचो आणि निघायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गर्व आहे. असू दे. खरं कारण वेगळं होतं. ज्याचा हप्ता थकतो त्याच्या दाराला एक दिवस कुलूप लावावं लागतं, आणि ओळख पटवायला, पंच म्हणून सही करायला कंपनी मलाच पाठवायची. जिथे जेवलो तिथे कुलूप घेऊन कसा जाऊ?

संगीता बुवापाड्यात भाड्याच्या खोलीत राहायची. मी तिला सिलिंडरच्या दिवसांपासून ओळखत होतो. पोळ्या लाटून द्यायची. नवरा दत्ता एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. एक मुलगी, एक सासू. सासू आणि मी एकाच वयाचे, तरी मी तिला म्हातारी म्हणायचो आणि ती मला अहो गॅसवाले. दर अकरा महिन्यांनी खोली सोडायची, नवीन शोधायची, यात त्यांची वर्षं गेली. प्रत्येक वेळी मी सिलिंडर नव्या पत्त्यावर न्यायचो. बदलापुरात चामटोलीच्या वाटेला एक नवी बिल्डिंग होत होती, तिथे त्यांनी वन आरके, म्हणजे एक खोली आणि किचन, बघितला आणि आमच्या कंपनीत अर्ज केला.

मी व्हिजिटला गेलो तेव्हा तिने हात पिठाचे तसेच ठेवून पाट दिला. म्हणाली, "काका, आज खांद्यावर काही नाही, बरं वाटलं."

मी विचारलं, "पोळ्या कुठे जातात?"

"ह्यांच्या कंपनीत. हे जाताना डबे घेऊन जातात. बिऱ्हाड गावाला ठेवून आलेली पोरं आहेत तिथे, सगळी माझ्याच पोळ्या खातात."

ऑफिसात हे दोन कमाया म्हणून जाणार होतं, नवऱ्याची एक, बायकोची एक. पण दोन्ही पिशव्या एकाच खुंटीला टांगलेल्या. कंपनी बंद पडली तर दत्ता घरी आणि पोळ्याही घरी. आणि एमआयडीसीतल्या कंपन्या कशा बंद पडतात ते मी पाहिलेलं होतं. गेटवर एक दिवस कागद लागतो, बस.

मी तिला स्पष्ट सांगितलं. "संगीता, घेऊ नको. तुझी पोळी आणि त्याचा पगार एकच आहे."

ती पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणालात म्हणून कंपनी चालू राहणार आहे का?"

"नाही."

"मग कंपनी बंद पडली तर मी भाडं कुठून भरणार? ते तरी सांगा. हप्ता थकला की घर जाईल. भाडं थकलं तरी खोली जाणारच आहे. मग मध्ये जी काय चार वर्षं मिळतील ती माझ्या घरात का नको?"

दत्ता मागे उभा होता. म्हणाला, "तिच्याशी वाद घालू नका काका, मी कधीच सोडून दिलंय."

म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "अहो गॅसवाले, मला मरायला तरी एक जागा द्या. मेल्यावर घरमालक म्हणायला नको, आधी अकरा महिन्यांचं बोला."

ते हसले. मला हसता आलं नाही. संगीताच्या प्रश्नाचं उत्तर कुणा शिकलेल्याकडे असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा.

साहेबांना फोन करून मी सगळं सांगितलं, खुंटीसकट. साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, नवरा-बायको एकाच कंपनीवर अवलंबून आहेत, असा रकानाच नाहीये. दोन इन्कम आहेत, सिस्टीममध्ये बसतंय. तुम्ही फक्त हो की नाही सांगा."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही काय केलं असतं?"

"मला टार्गेट आहे काका. मला विचारू नका."

मला मधू आठवला, मेथीची जुडी आठवली. माझ्या नाहीने तो कुठे वाचला होता? मी हो म्हणालो. चुकलो असं मी म्हणत नाही. बरोबर होतो असंही म्हणत नाही.

वास्तुशांतीला मी नेहमीसारखा नारळ घ्यायला गेलो. आत वेगळाच गोंधळ चालू होता. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली पालथी ठेवतात. गावाकडे ठीक आहे, जमीन मातीची. फ्लॅटमध्ये त्यासाठी फरशी उचलावी लागते. गवंडी आला होता, पण बिल्डरचा सुपरवायझर दारात आडवा. म्हणत होता, "फरशी फोडली तर लीकेजची जबाबदारी आमची नाही." म्हातारी म्हणाली, "देवाला काय नळ आहे का?" शेवटी फरशी निघाली, पण तिला कोपऱ्यातून तडा गेला. भटजींनी प्रतिमा ठेवली, गवंड्याने पांढऱ्या सिमेंटने फरशी बसवली. तडा दिसत राहिला, केसासारखा.

तो कोपरा स्वयंपाकाच्या ओट्याखाली, सिलिंडरच्या जागेवर होता. कुणीतरी सवयीने सिलिंडर उचलून नेमका त्या फरशीवर ठेवला. संगीताचा चेहरा पडला. म्हणाली, "काका, देवाच्या डोक्यावर सिलिंडर?" मी चपला काढल्या, आत गेलो, नळी मोजली, सिलिंडर ओट्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला, रेग्युलेटर लावून दिला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. ते माझं जुनं काम. हात अजून विसरले नव्हते. मग तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. "आता आत आलातच," म्हणाली. मी जेवलो. वरण-भात, पुरणपोळी, बटाट्याची भाजी. पोळीवर तूप वाढताना तिने हात आखडला नाही.

पुढे तिकडे गेलो की मी डोकावायचो. मुलीचं टेबल खिडकीपाशी होतं. भिंतीवर पेन्सिलीने तिच्या उंचीच्या रेघा मारलेल्या. भाड्याच्या खोलीत भिंतीवर रेघ मारू देत नाहीत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. रोज पहिली पोळी झाली की तिचा तुकडा त्या फरशीवर ठेवायची संगीता, मग बाकीच्या.

चार वर्षं तिने मागितली होती. तेवढीही मिळाली नाहीत. गेटवर कागद लागला. दत्ता मजुरीसाठी नाक्यावर उभा राहायला लागला, डबे खाणारी पोरं गावाला गेली. बदलापुरात संगीताने पोळ्यांची पाटी लावली, पण त्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर तशी पाटी होती. हप्ता भरायला बचत गटातून उचललं, गटाचं भरायला मंगळसूत्र. हे मी तिच्याकडून ऐकलं नाही. ती मला बघून फक्त म्हणायची, "चाललंय काका." कंपनीने मला वसुलीला जायला सांगितलं, तेव्हा मी गेलो नाही. ते दुसऱ्याला पाठवत राहिले.

ताब्याच्या दिवशी मात्र मी गेलो. सून मला म्हणाली होती, "बाबा, आजारी आहे सांगा." पण मी नसतो तर दुसरा कुणी गेला असता, आणि तो चपला घालून आत गेला असता. कोर्टाची ऑर्डर होती, कंपनीचा एक अधिकारी, एक वकील, एक लेडी कॉन्स्टेबल. सगळे बूट घालून आत गेले. मी दाराशी चपला काढल्या. संगीताने ते पाहिलं.

सामान टेम्पोत चढत होतं. मुलीला शाळेत पाठवलं होतं. म्हातारी त्या कोपऱ्यात फतकल मारून बसली होती. म्हणाली, "वास्तुपुरुष काढून द्या. त्याला घेतल्याशिवाय मी उठणार नाही."

अधिकारी म्हणाला, "आजी, फोडाफोडी करता येणार नाही. फरशी प्रॉपर्टीचा भाग आहे."

"देव पण गहाण टाकलाय का आम्ही?"

तो खाली बघायला लागला. कॉन्स्टेबल बाई खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, अर्धा तास द्या. मी गवंडी आणतो, फरशी परत बसवून देतो, खर्च माझा."

अधिकाऱ्याने वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, "करा पटकन."

तेव्हा संगीता म्हणाली, "नको काका." मग सासूजवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "आई, तो आपला नाही, घराचा आहे. आपण आलो म्हणून तो आला नव्हता, घर झालं म्हणून आला. भाड्याच्या खोलीत त्याला कुठे पुरणार? अकरा महिन्यांनी परत काढायचा का?"

म्हातारीने हात पुढे केला. दोघींनी एकमेकींना धरून उठवलं.

सिलिंडर राहिला होता. मी रेग्युलेटर काढला, टोपण लावलं आणि खांद्यावर घेतला. दत्ता धावत आला, "काका, काय करता, ठेवा." मी ठेवला नाही. जिन्यात दोनदा थांबलो. त्याच घरात मीच जोडला होता, मीच काढला.

वर आलो तर संगीता फरशीपुढे बसली होती. शेगडी टेम्पोत गेलेली. सकाळची गार पोळी आणि गुळाचा खडा एका वाटीत ठेवून तिने ती वाटी तड्याच्या बाजूला ठेवली. अधिकारी म्हणाला, "मॅडम, ही वाटी सामानात..." ती म्हणाली, "राहू द्या. आज त्याचं जेवण झालं नाही." कुलूप लागलं, त्यावर लाखेचं सील. मी पंच म्हणून सही केली. माझी सही नेहमी वळणदार असते. त्या दिवशीची मी पुन्हा बघितली नाही.

काही महिन्यांनी घर लिलावात गेलं. घेणाऱ्याला कर्ज आमचीच कंपनी देणार होती, म्हणजे व्हिजिट माझी. तरुण जोडपं होतं, नुकतं लग्न झालेलं. त्यांना घर दाखवायला किल्ली घेऊन मीच गेलो. वाटीत पोळी नव्हती, मुंग्यांनी साफ केली होती. भिंतीवर रेघा होत्या. त्या जोडप्यातली मुलगी चुणचुणीत होती. म्हणाली, "काका, आधीचे लोक का गेले?"

"हप्ता थकला."

"घरात काही प्रॉब्लेम नाही ना पण? म्हणजे वास्तू वगैरे?"

"वास्तूत काही नाही. शांत केलेली आहे. त्या तडा गेलेल्या फरशीखाली वास्तुपुरुष आहे. तिच्यावर सिलिंडर ठेवू नका."

ती नवऱ्याकडे बघून हसली. वाईट हसली नाही. म्हणाली, "काका, सगळ्याच टाइल्स काढणार आहोत. हा कलर मला नाही आवडत."

मी वाटी उचलून खिशात टाकली. मग व्हिजिटचा प्रश्न विचारला, जो विचारावाच लागतो. "दोघं कामाला कुठे?"

"एकाच ठिकाणी," तो मुलगा म्हणाला, जरा लाजत. "भिवंडीला गोडाऊनमध्ये, पॅकिंगला. तिथेच ओळख झाली आमची."

खाली येऊन साहेबांचा फोन घेतला. "काका, हो की नाही?" मी म्हटलं, "साहेब, आता दुसऱ्याला विचारा." आणि किल्ली दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठेवून आलो. माझ्या जागी कुणीतरी आलं, त्याने हो सांगितलं असणार, कारण त्या खिडकीला आता नवे पडदे आहेत. रस्त्यावरून दिसतात.

संगीता परत बुवापाड्यात आहे, भाड्याने. दत्ताला वॉचमनची नोकरी लागली आहे. म्हातारी गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात घरमालकाने अकरा महिन्यांचं विचारलं नाही, एवढं बरं झालं. मी वाटी द्यायला गेलो तेव्हा संगीताने ती घेतली, घासली आणि त्याच वाटीत मला आमटी वाढली. आता मी तिच्याकडे अधूनमधून जेवतो. तिथे मला कुणी कुलूप घेऊन पाठवणार नाही.

घराबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. परवा पोळी तव्यावर टाकताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, तिकडे कुणी राहायला आलं का?"

"आलं."

"सिलिंडर कुठे ठेवतात?"

मी घास गिळला. "बाजूला ठेवतात," म्हटलं. "ओट्याच्या त्या अंगाला. तुझ्यासारखाच."

"बरं," ती म्हणाली, आणि फुगलेली पोळी माझ्या ताटात टाकली.